एका वेळी एकच कप्पा

घरातली अडगळ आवरायची तर रोज १५ मिनिटं आणि एकच कप्पा, हे घर आवरण्यावरच्या एका लेखात वाचलेलं सूत्र मनापासून पटलं. दिवाळीच्या तोंडावर अख्खा माळा खाली काढला की निम्म्या वस्तू पुन्हा वरच जातात, कारण तोवर घरातली माणसं दमून गेलेली असतात. आमच्याकडे सुरुवात औषधांच्या डब्यापासून झाली. तळाशी चिकटलेली खोकल्याची बाटली, मुदतीची तारीख कापली गेलेली गोळ्यांची अर्धी पाकिटं आणि डोळ्यांचे थेंब. हे थेंब बहुधा बाटली उघडल्यापासून चार आठवडेच वापरायचे असतात, ते जरूर बघा! जुने कपडे बोहारणीला द्यायला हरकत नाही, आधी खिसे तेवढे चाचपा. सासूबाईंची पितळेची भांडी मात्र त्यांना विचारल्याशिवाय हलवू नका. काय ठेवायचं ते त्यांनाच ठरवू द्या.