लवंग नव्हतीच

परवा नागपुरात, वर्धा रोडवर एका पंचविशीतल्या पोरानं मला सांगितलं की माझी जीभ अजून 'डेव्हलप' झालेली नाही. माझी! चौपन्न वर्षं जिनं सावजीचा रस्सा सोसला, जी सकाळी सकाळी तर्री-पोह्यांवर वरून आणखी तर्री मागते, ती जीभ. चार दिवस झाले, मी अजून आंघोळ करताना त्या पोराला उत्तरं देऊन राहिलो.

भाचा पुण्याहून आला होता. तिकडे म्हणे माणसं बिअर पीत नाहीत, 'टेस्ट' करतात. अधिवेशन सुरू, निम्मे रस्ते बॅरिकेडनं बंद, थंडी बरी पडलेली. बायकोला 'जरा चक्कर मारून येतो' सांगून आम्ही ऑटोनं निघालो. जागा नवी, काचेमागे स्टीलच्या मोठाल्या टाक्या, आणि खडूनं लिहिलेली पाटी : 'विंटर स्पाइस्ड एल'. मसाल्याची बिअर. फक्त हिवाळ्यात.

एका लाकडी फळीला चार भोकं, त्यात चार पेले. भातुकलीतले. चार घोट घेतले तर पाच होणार नाहीत एवढे. घेऊन आलेल्या पोराच्या मिशीला पीळ होता आणि हातावर हिरवं काहीतरी गोंदलेलं. मी आपुलकीनं विचारलं, "सीताफळ का?"

"सर, हॉप्स आहे. बिअरला कडूपणा देणारं फूल."

इथूनच आमचं बिनसलं असावं.

त्यानं सांगितल्याप्रमाणे मी पेला फिरवला, वास घेतला, घोट तोंडात घोळवला, गिळून नाकानं श्वास सोडला. म्हणे खरी चव जिभेला कमी आणि घशामागून नाकात चढणाऱ्या वासाला जास्त कळते. असेल. रंग गुळाच्या पाण्यासारखा, वर खाकी फेस. "काय जाणवतंय सर?" त्यानं विचारलं. मी खरं ते सांगितलं. "काढा."

भाच्यानं डोळे मिटले. पोरगा हसला आणि ते वाक्य बोलला. वर समजूत घातली, "होतं सर. टाइम लागतो."

शेजारच्या टेबलावर नातवाच्या वाढदिवसाला आणलेले एक आजोबा बसले होते. कानटोपी, हाफ स्वेटर, समोर लिंबू-सोडा. ते सरळ खुर्ची ओढत आमच्याकडे आले. "काय म्हणते हा?"

मला वाटलं, देव धावला. मी तक्रार सांगितली. आजोबा म्हणाले, "मी पीत नाही. पण वास घ्यायला काय लागते? इतवारीत चाळीस वर्षं मसाल्याची दुकान होती आपली."

त्यांनी माझा पेला उचलला. माझा. आधी टोपी कानावरून वर सरकवली, जणू त्यांना वास कानानं येतो. मग डोळे मिटून हुंगलं, करंगळी फेसात बुडवली आणि जिभेच्या टोकाला लावली. हळद पारखताना लावतात तशी. "कलमी आहे, दालचिनी," ते म्हणाले. "पण आपल्या बाजारातली जाड सालीची नाही. पातळ पदर-पदरवाली, सिलोनची."

पोरगा ताठ झाला. "येस अंकल! सिलोनच."

"संत्र्याची साल. वाळवलेली. जायफळ, कंजुषीनं. अन् लवंग."

"लवंग नाहीये, अंकल."

"आहे."

"नाही घातलेली. तो वास यीस्टमुळे येतो."

"यीस्ट म्हणजे खमीर ना बेटा?"

"हो."

"खमीर इतवारीत गेलं होतं का लवंग आणाले?"

मी टेबलावर हात आपटून हसलो. तेवढंच सुख त्या संध्याकाळी मला मिळालं. पोरगा मात्र इरेला पेटला. आत जाऊन मसाल्याचे डबे घेऊन आला आणि एकेक उघडून मांडले. आजोबांनी प्रत्येकात नाक घातलं, तिन्ही डबे पुन्हा मोजले, एकाची बूड पालथी करून पाहिली. लवंग नव्हती. बाजूच्या टेबलावर केक कापायचा खोळंबला होता, नातू "आजोबा, या ना" करून थकला होता. पोरगा सांगत होता की यात जर्मन गव्हाच्या बिअरचं यीस्ट आहे, त्या यीस्टची खासियतच ही, साखरेची दारू करता करता ते लवंगेसारखा वास सोडतं.

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग खुर्ची पोराजवळ सरकवून हळूच म्हणाले, "काय किलो देता?"

"काय?"

"हे खमीर. अबे, आम्ही लवंग टाकायचो तरी गिऱ्हाईक म्हणायचं, लवंग टाकलीच नाही. अन् हे न टाकता देऊन राहिलं. दुकान आता मुलगा पाहते, त्याले सांगतो."

मग त्यांना माझी आठवण झाली. "भाऊ, तुम्हाले लवंग नाही लागली?"

"नाही."

"कलमी?"

"नाही."

"नुसता काढा लागला?"

"हो."

"सावजी खाता?"

"खातो ना. आठवड्यातून दोनदा."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तसं मी फक्त किडलेल्या जायफळाकडे पाहताना लोकांना पाहिलं आहे. "मंग बरोबर आहे. तिखट ही चव नसते भाऊ, ती जळजळ असते. मी उभा जन्म सावजी मसाला विकला, घरी फिकं वरण खाल्लं. धंद्याची जीभ आहे. पोरगा खोटं नाही बोलून राहिला." आणि पेला माझ्यासमोर ठेवून केक कापायला गेले. करंगळी बुडवलेला पेला!

बिल येईपर्यंत मी रागारागात मोबाइलवर शोधत बसलो. आपल्या बाजूनं कोणीतरी असेलच ना जगात. सापडला : १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकनं फर्मान काढलं होतं की बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी, बस्स. भला माणूस. पण लगेच खाली बेल्जियम निघालं. तिथं धने आणि कडू संत्र्याची साल घालून बिअर करायची जुनी रीत. ती बंद पडली होती, तर हुगार्डन गावच्या पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्यानं १९६६मध्ये पुन्हा सुरू केली. दूधवाल्यानं! आमचा दूधवाला तीस वर्षं एकच पदार्थ मिसळतो, आणि त्याचा वास कोणालाच येत नाही. शिवाय हे संत्र्याच्या सालीचं काय कौतुक? आमच्या घरी हिवाळाभर कचऱ्याच्या बादलीत दुसरं काही नसतं. पाटीवर तर खाली कोहळ्याचीही बिअर लिहिली होती, पुढच्या महिन्यात येणार म्हणून. कोहळ्याचे बोंडं करायचे असतात, एवढी साधी गोष्ट ह्यांना कोणी सांगितली नाही का?

बिल आलं. चार बोळक्यांचे साडेसहाशे. त्यावर व्हॅट, कारण दारूला जीएसटी नसतो. त्याखाली सर्व्हिस चार्ज. हा आपोआप लावायचा नसतो, ग्राहक प्राधिकरणानं २०२२मध्येच सांगून ठेवलं आहे, हे मला पाठ आहे. मी पोराला बोलावून तसं म्हटलं. तो म्हणाला, "काढून देतो सर," पण अशा आवाजात, की आजूबाजूच्या तीन टेबलांनी वळून पाहिलं. कानटोपीनंही. मी म्हटलं, राहू दे. हे मला अजून खुपतं. बिअरपेक्षा जास्त. आपण बरोबर असून ओशाळायचं, आणि त्याचे वर पैसे द्यायचे. भाच्याच्या फोनला नेमकं तेव्हाच नेटवर्क नव्हतं.

घरी दार उघडलं तशी बायकोनं नाक उडवलं. "अहो, लवंग का? दाढ दुखून राहिली काय?"

त्या लवंगेचं तोवर मला नाव काढवत नव्हतं. आता ती नव्हतीच, हे समजावायचं तर यीस्टपर्यंत जावं लागलं असतं, आणि यीस्टपासून वर्धा रोड फार लांब नाही. जी लवंग माझ्या जिभेला सापडली नाही, ती हिला उंबरठ्यावरून सापडली. "हो," मी म्हटलं, "डावीकडची."

त्या रात्री घरी वड्याचा रस्सा होता, वर बोटभर तेलाचा तवंग. मला दूधभात मिळाला. भाच्यानं तिसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला आणि म्हणाला, "मामी, मामाला गरम नका देऊ. दाढ आहे ना."

शनिवारी साडेदहाचा नंबर लागला आहे.