नैसर्गिक म्हणजे बिनधोक? फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

दादर-मुलुंडच्या गच्चीबागवाल्यांत झाडांवरच्या किडीसाठी फवारायच्या घरगुती औषधांबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘निंबोळी, तंबाखू नैसर्गिक, त्यांना ना चाचणी लागते, ना परवाना.’ हे चूक आहे. विकायचं असेल तर अझाडिरॅक्टिन (कडुनिंबातलं कीड मारणारं द्रव्य) असलेल्या औषधालाही कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदणी लागते आणि त्यासाठी विषारीपणाची माहिती द्यावी लागते. घरच्या कुंड्यांसाठी स्वतः केलेला निंबोळी अर्क वेगळा. त्याला कोणी परवाना विचारत नाही. पण तंबाखूचा काढा? निकोटिन कातडीतूनही अंगात भिनतं, आणि निकोटिन सल्फेट हे कीटकनाशक भारतात वापरायला बंदी आहे. आमच्या मजल्यावरचे काका तो काढा उघड्या हातांनी फवारतात. तेही कोथिंबिरीवर!