वेगळी डिस्क म्हणजे वेगळा बूटलोडर नव्हे

“विंडोज एका डिस्कवर आहे ना? मग लिनक्स दुसरीवर टाका आणि इन्स्टॉलरमध्ये बूटलोडरसाठीही तीच डिस्क निवडा, दोघांचा संबंधच उरत नाही. बूट अडलंच तर एमबीआर दुरुस्त करा, नाहीतर सरळ पुन्हा इन्स्टॉल करा.” हा सल्ला सगळीकडे फिरतो. (बूटलोडर म्हणजे मशीन सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम उठवणारा छोटा प्रोग्रॅम.) यूईएफआय, म्हणजे जुन्या बायॉसची जागा घेणारं फर्मवेअर, असलेल्या मशीनवर तो जवळजवळ प्रत्येक पायरीला चुकतो, आणि त्यापायी लोक धडधाकट पार्टिशनं फॉरमॅट करून बसतात.

“बूटलोडरसाठी तीच डिस्क निवडा.” जुन्या बायॉसला हे लागू होतं. तिथे ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरचा पहिला तुकडा निवडलेल्या डिस्कच्या पहिल्या 512 बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे एमबीआरमध्ये, जायचा. यूईएफआयमध्ये ग्रब म्हणजे ईएसपी (बूटच्या फायलींसाठी राखलेलं) नावाच्या फॅट32 पार्टिशनमधल्या साध्या फायली. उबुंटूचा जुना इन्स्टॉलर युबिक्विटी (डेस्कटॉपवर 22.10 पर्यंत) इथे तुमची निवड न जुमानता सापडेल त्या पहिल्या ईएसपीत फायली टाकतो, आणि ती बहुधा विंडोजची असते. घर दुसऱ्या डिस्कवर, दार पहिलीवर! पहिली डिस्क काढली की लिनक्स शाबूत असूनही मशीन उठत नाही.

“एमबीआर दुरुस्त करा.” यूईएफआय बूट करताना एमबीआरमधला कोड चालवतच नाही, तेव्हा ही दुरुस्ती वाया जाते. आधी लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा पेनड्राइव्ह) कोणत्या मोडमध्ये उठली ते बघा. /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर नसेल तर ती जुन्या मोडमध्ये आहे. बूट मेनूत तीच यूएसबी अनेकदा दोनदा दिसते, त्यातली ‘यूईएफआय’ लिहिलेली ओळ निवडा. मग फर्मवेअरमधल्या बूटच्या नोंदी दाखवणारी ‘एफिबूटएमजीआर -व्ही’ ही कमांड चालवा. ग्रबच्या नोंदीत ईएसपीचा पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, असतो. तो डिस्कची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’मध्ये पार्टयूयूआयडीचा रकाना मागवून ताडून पाहिला की ग्रब नेमका कुठल्या डिस्कवर बसलाय ते कळतं. नाव बघून डिस्क ओळखू नका. आज एसडीए असलेली उद्या एसडीबी होऊ शकते.

“पुन्हा इन्स्टॉल करा.” तोच इन्स्टॉलर पुन्हा त्याच ईएसपीत लिहील. त्यापेक्षा लिनक्सच्या डिस्कवर 512 एमबीची फॅट32 ईएसपी करा (जीपार्टेड या पार्टिशनच्या टूलमध्ये ‘ईएसपी’ हा फ्लॅग). लाइव्ह यूएसबीवरून लिनक्सचं रूट पार्टिशन /एमएनटीवर माउंट करा आणि नवी ईएसपी त्यातल्या /बूट/ईएफआयवर. डेव्ह, प्रॉक, सिस हे ‘आरबाइंड’ने जोडा. नुसत्या ‘बाइंड’ने ईएफआयव्हार्स (फर्मवेअरच्या नोंदींचं फोल्डर) आत येत नाही आणि बूटची नोंद लिहिली जात नाही. क्रूट करून, म्हणजे /एमएनटीवरच्या लिनक्समध्ये शिरून, ग्रब-इन्स्टॉल चालवा. यूईएफआयमध्ये त्याला डिस्कचं नाव देऊन उपयोग नाही, ‘एफि-डिरेक्टरी’ या पर्यायात दिलेली जागाच तो मानतो. शेवटी ग्रबचा मेनू नव्याने बनवणारं अपडेट-ग्रब.

आणि हे बहुतेक जण विसरतात: एफएसटॅब (कुठलं पार्टिशन कुठे माउंट करायचं त्याची फाइल) यातल्या /बूट/ईएफआयच्या ओळीत नव्या ईएसपीचा यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक, घाला. फॅटचा यूयूआयडी आठच अक्षरांचा असतो, मध्ये एक डॅश. जुना राहिला तर ग्रबच्या पुढच्या अपडेटला फायली परत विंडोजच्या ईएसपीत जातात.

मेनूऐवजी नुसता ‘ग्रब>’ असा प्रॉम्प्ट आला तरी सगळं गेलं असं समजू नका. ईएसपीतल्या उबुंटू फोल्डरमध्ये ग्रब.सीएफजी ही जेमतेम तीन ओळींची फाइल असते. पहिली ओळ यूयूआयडीवरून लिनक्सचं पार्टिशन शोधते, दुसरी तिथल्या /बूट/ग्रबकडे बोट दाखवते, तिसरी खरी ग्रब.सीएफजी उघडते. पार्टिशन फॉरमॅट होऊन यूयूआयडी बदलला आणि फाइलीत जुनाच राहिला, तर शोध तिथेच थांबतो. टेक्स्ट एडिटरात तेवढा आकडा बदला.

नव्याने टाकणार असाल तर इन्स्टॉल होईपर्यंत विंडोजची डिस्क काढून ठेवा किंवा फर्मवेअरमध्ये तिचा पोर्ट बंद करा. डिस्क परत जोडल्यावर ग्रबच्या मेनूत विंडोज दिसलं नाही तरी घाबरू नका. ग्रब 2.06 पासून ओएस-प्रोबर, म्हणजे इतर ऑपरेटिंग सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम, मुळातच बंद असतो. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर’ची किंमत ‘फॉल्स’ करा आणि अपडेट-ग्रब पुन्हा चालवा.