डावा खालचा कोपरा

माझा एक मित्र फोटोग्राफीवर पोट भरतो. त्याच्याकडे दोन फुल-फ्रेम कॅमेरा बॉडी आहेत. मलाही एक घ्यायची आहे म्हटल्यावर त्याने त्यातली एक, सोबत 85 मिमीची एफ/1.4 लेन्स, चार दिवसांसाठी माझ्या हवाली केली. म्हणाला, "चार फोटो काढून बघ. हातात कशी बसते ते कळेल."

चार फोटो! गेले दोन महिने मी रात्र रात्र जागून कॅमेऱ्यांची परीक्षणं वाचत होतो. डायनॅमिक रेंज, बफर, रोलिंग शटर हे शब्द मी झोपेत बडबडतो अशी घरातून तक्रार होती. असा माणूस चार फोटोंवर समाधान मानेल?

बायकोने डबा उघडतानाच पहिला प्रश्न टाकला. "फुल म्हणजे काय? आधीचा अर्धा होता का?"

"याचा सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा तुकडा, 36 बाय 24 मिलिमीटरचा असतो."

"इतकुसाच?"

मग मी तिला सगळं सुरुवातीपासून सांगितलं. जर्मनीत लाइट्स कंपनीतल्या ऑस्कर बारनाकने सिनेमाची 35 मिमी फिल्म आडवी धरली, दोन चौकटींची एक केली, आणि 1925 साली तो लायका कॅमेरा बाजारात आला. मोठाल्या काचेच्या प्लेटा वापरणाऱ्या त्या काळच्या मंडळींच्या लेखी हा प्रकार म्हणजे 'मिनिएचर'. पुढे डिजिटलच्या जमान्यात बहुतेक कॅमेऱ्यांना याच्या निम्म्याहून कमी क्षेत्रफळाचे सेन्सर आले, आणि कालचा मिनिएचर आज फुल ठरला.

"म्हणजे माझ्या माहेरच्यांत तुम्ही बुटके आणि तुमच्या घरच्यांत उंच, तसं."

इतकं नेमकं मी कुठल्याही परीक्षणात वाचलं नव्हतं. पण तसं तिला म्हणालो नाही.

पहिला दिवस भिंतीचा. लेन्स कोपऱ्यांपर्यंत शार्प आहे की नाही हे बघायला विटांच्या भिंतीसारखी दुसरी जागा नाही. सरळ रेघा, खरखरीत पोत, आणि भिंत हलत नाही. अट एकच, सेन्सर भिंतीला तंतोतंत समांतर हवा. नाहीतर दोष आपल्या ट्रायपॉडचा आणि शिव्या लेन्सला. म्हणून आवारातल्या कुंपणाच्या भिंतीपुढे तीन मीटरवर ट्रायपॉड लावला, टेपने इकडून तिकडून अंतरं मोजली, पातळी लावली, पुन्हा मोजली. बोटाचा धक्का नको म्हणून दोन सेकंदांचा टायमर. ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं. एफ/1.4 पासून एफ/16 पर्यंत आठ ॲपर्चर, प्रत्येकाचे तीन फोटो, एकूण चोवीस. प्रत्येक फोटोआधी मी श्वास रोखत होतो. टायमर असताना श्वास कशाला रोखायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

शेजारचे काका बराच वेळ मागे उभे होते.

"काय रे, पाडतायत का भिंत?"

"नाही काका, कोपरे बघतोय."

"कोपऱ्यांना काय झालं?"

मी पडद्यावर फोटो मोठा करून बघत होतो. भानावर नव्हतो. म्हणालो, "डावा खालचा जरा सॉफ्ट वाटतोय."

काका थेट भिंतीपाशी गेले, उकिडवे बसले आणि डावा खालचा कोपरा अंगठ्याने दाबून पाहिला. "ओल धरलीय बहुतेक," म्हणाले. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमधली आणखी तिघं तो कोपरा दाबून गेली. चौथ्याने नखाने थोडी माती उकरून हुंगलीसुद्धा.

इकडे माझा जीव वेगळ्याच कारणाने टांगणीला. एफ/5.6 वर तो कोपरा झकास होता. एफ/1.4 ला मात्र बाकीचे तिन्ही कोपरे बरे आणि हा एकटाच विरघळलेला. लेन्सच्या काचा वाकड्या बसल्या की असं होतं म्हणतात. मित्राला कसं सांगायचं? एखाद्याला त्याच्या मुलाच्या दाताबद्दल सांगण्यासारखंच ते.

दुसऱ्या दिवशी ऑटोफोकस. हा कॅमेरा माणसाचा डोळा ओळखतो, जनावराचाही ओळखतो. आमच्या बोक्यावर रोखला तर हिरवा चौकोन टक्कन त्याच्या डोळ्यावर जाऊन बसला. बोका पळाला, चौकोन त्याच्यामागे पळाला. बोका सोफ्याखाली गेला तसा चौकोन भिंतीवर चढला आणि आजोबांच्या फोटोतल्या डाव्या डोळ्यावर स्थिरावला, तो हलेचना. आजोबा हयात असताना त्यांच्याकडे इतकं एकाग्रतेने कुणी पाहिलं नव्हतं.

रात्री आयएसओ, म्हणजे कमी उजेडात चित्र उजळवायचा आकडा; तो वाढवला की चित्रात नॉइजचे दाणे येतात. दिवे मालवून 100 पासून 25600 पर्यंत, दर वेळी दुप्पट, असे नऊ फोटो काढायचे. आठव्याला बायको पाणी प्यायला उठली आणि ट्रायपॉडला अडखळली. त्या फोटोत नॉइज किती आहे ते सांगता येत नाही, आवाज मात्र भरपूर होता.

तिसरा दिवस सावल्यांचा. भर उजेडातला फोटो मुद्दाम पाच स्टॉप अंडर काढायचा, म्हणजे उजेड बत्तीसपट कमी, चित्र काळंठिक्कर. आणि मग कॉम्प्युटरवर बसून तो काळोख उपसून वर आणायचा. उपसला. अंधारातून आमचं कपाट निघालं. रंग थोडे उतरले होते, पण कपाट आमचंच होतं. याचा मला झालेला आनंद कुणाला समजावून सांगता येईना. त्यात एकेक रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची, फाइल पन्नास एमबीच्या घरात, कॉम्प्युटरचा पंखा विमान सुटल्यासारखा फिरतोय. फोटो साडेचार कोटी पिक्सेलचा आणि माझा स्क्रीन जेमतेम वीस लाखांचा. कपाट बघायचं तर ते हप्त्याहप्त्यानेच बघावं लागत होतं.

"तीन दिवस झाले," बायको म्हणाली, "भिंत झाली, बोका झाला, कपाट झालं. आता माझा एक काढा."

खिडकीपाशी तिला बसवलं. एक मीटरवरून एफ/1.4 ला मारला. इतक्या जवळून या लेन्सचा शार्प पट्टा असतो जेमतेम सेंटिमीटरभर जाडीचा. उजव्या डोळ्याच्या पापण्या एकेक मोजून घ्याव्यात अशा आल्या होत्या.

तिने फोटो निरखला. "दुसरा डोळा?"

"तो जरा मागे आहे ना."

"आणि कान कुठे गेले?"

"ते बोकेमध्ये गेले."

तिने सोफ्याखाली वाकून पाहिलं.

"तो नाही गं. बोके जपानी शब्द आहे. मागचं सगळं असं मऊ विरघळलं की त्याला..."

"माझ्या कानांना?" म्हणून ती उठून गेली, आणि तो विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

चौथ्या दिवशी मित्र कॅमेरा न्यायला आला. "मग, काय काय काढलंस?"

मी काही न बोलता भिंत उघडली. एफ/1.4, शंभर टक्क्यांवर. त्याने खुर्ची पुढे ओढली. उजवा वरचा पाहिला, उजवा खालचा पाहिला. मग डाव्या खालच्यावर आला आणि थांबला. चेहरा उतरला बिचाऱ्याचा. या लेन्सवर त्याने कितीतरी कामं केली होती, आणि हा कोपरा त्याने कधीच पाहिला नव्हता.

"कॅमेरा समांतर होता?"

"टेपने मोजलाय."

"चल," तो म्हणाला, "पुन्हा काढू."

आम्ही ट्रायपॉड घेऊन खाली गेलो. भिंतीपाशी काका आधीच होते. हातात ओळंबा, एक डोळा मिटलेला. चार-पाच जण गप्प उभे राहून बघत होते.

"ओल नाहीये रे," काका आमच्याकडे न बघता म्हणाले. "खालच्या डाव्या अंगाला चांगली बोटभर आत गेलीय."