स्क्रीन लावली म्हणून मूल शिकत नाही

पालक-शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणणं असं: आजच्या मुलांना काचेमागच्या जुन्या वस्तूंत रस नाही, संग्रहालयात टचस्क्रीन, व्हीआर, क्यूआर कोड आणा, मुलं आपोआप शिकतील, नाहीतरी सगळं ऑनलाइन आहेच, मग सहलीचा खर्च कशाला? मी दरवर्षी सहावी-सातवीची मुलं संग्रहालयात नेते. आमच्याही ग्रुपवर सहल रद्द करायची भाषा सुरू झाली, म्हणून हे लिहिते आहे.

आधी ‘रस नाही’ हे घेऊ. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने अडकित्ते मांडले आहेत. “बाई, ही पक्कड आहे का?” एकाने विचारलं. त्याच्या घरात कुणी सुपारी कातरतच नाही, त्याला कुठून कळणार? मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, बिजागरी कुठे आहे, धार कुठल्या पात्याला आहे, ते शोधा. सगळी मुलं काचेला नाक लावून उभी. थोड्या वेळाने एक मुलगी म्हणाली, “खालच्याला धारच नाही. म्हणजे काहीतरी तिथे टेकवायचं आणि वरून दाबायचं.” वस्तू वापरायची कशी, हे तिने नुसतं बघून ओळखलं. रस होताच; विचारणारं कुणीतरी हवं होतं.

‘तंत्रज्ञान आलं की मुलं आपोआप शिकतील’ हे तर साफ चूक आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयातल्या काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. पण ज्या वस्तूंचा एखादा भाग झूम करून टिपला, त्यांची आठवण शाबूत होती. यंत्र दोन्ही वेळा हातात होतं. फरक पडला तो यंत्राने नजर कुठे नेली याचा.

हे ओळखून केलेली रचनाही आहे. न्यूयॉर्कच्या कूपर ह्यूइट संग्रहालयाने २०१५ मध्ये प्रेक्षकांच्या हाती एक जाडसर पेन दिलं. आवडलेल्या वस्तूच्या पाटीला ते टेकवायचं, की वस्तू तुमच्या नावावर जमा. तिकिटावरचा कोड टाकून घरी बसून तिच्याबद्दल वाचायचं. दालनात असताना डोळे वस्तूवरच राहावेत, म्हणून ही सोय होती. असं काही आपल्याकडे येणार असेल तर मी पहिली रांगेत उभी राहीन.

क्यूआर कोडचा अनुभव मात्र वेगळा. एका संग्रहालयात मी कोड स्कॅन केला, तर आत बारीक टायपातली इंग्रजी पानंच्या पानं, तीही नेट मिळाल्यावर. मुलांकडे फोन नाहीत, शाळा आणू देत नाही. माझ्या एका फोनभोवती चाळीस डोकी! त्यापेक्षा शेजारी मोठ्या अक्षरात मराठीत दोन वाक्यं आणि एक प्रश्न लिहिला असता तर काम झालं असतं.

राहिलं ‘सगळं ऑनलाइन आहेच’. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२ पासून आपल्या संग्रहाच्या उत्तम प्रतिमा फुकट खुल्या केल्या. त्याच संग्रहालयाने २०१५ मध्ये आलेल्या लोकांना कॅमेरा बाजूला ठेवून पेन्सिलीने चित्र काढायचा आग्रह धरला. घरबसल्या दिसतं ते आणि समोर उभं राहून दिसतं ते वेगळं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? मोबाइलवर अडकित्ता चार बोटांचा आणि मस्तानी महालही चार बोटांचाच. कोथरूडहून आणून केळकर संग्रहालयात पुन्हा उभारलेल्या त्या महालात मूल शिरतं तेव्हा त्याची मान आपोआप वर जाते.

ऑनलाइन प्रतिमा मला हव्यातच, पण परत आल्यावर. यंदाच्या सहलीला मुलांना कोरे कागद आणि पेन्सिल घेऊन यायला सांगितलंय. प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची आणि काढायची. आठवड्याने त्याच वस्तू वर्गातल्या पडद्यावर मोठ्या करून बघू, आणि आपल्या चित्रात काय सुटलं ते मुलंच सांगतील.