बार्जवर गाडी घालताना

तापोळ्याला रविवारी दोन तऱ्हेची माणसं येतात. एक महाबळेश्वरहून घाट उतरून बोटिंगला आलेली. दुसरी माझ्यासारखी, ज्यांची सासुरवाडी शिवसागर जलाशयाच्या पलीकडे आहे. कोयनेचं धरण १९६४ साली पुरं झालं, जवळजवळ शंभर टीएमसी पाणी अडलं आणि बैलगाडीच्या वाटेवर मासे हिंडू लागले. तेव्हापासून पाहुण्यांचं जे बोटिंग, ती इथल्या लोकांची एस.टी. गाडीसकट जायचं असेल तर बार्ज, म्हणजे गाड्या नेणारी सपाट बोट.

बार्जला गाडी उलटी घालायची, म्हणजे पलीकडे सरळ उतरते. उतारावरून, ओल्या मातीतून, त्या लोखंडी फळीवर. गाडी घालायला मला येते. पण मी रिव्हर्स टाकला रे टाकला की काठावरचा प्रत्येक पुरुष वाहतूक हवालदार होतो. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..." हा एक. "डावी मार!" हा दुसरा. डावी कुणाची, त्याची की माझी, हे तो सांगत नाही. तिसरा नुसतीच बोनेटवर थाप मारतो. परवा तर लाइफ जॅकेट घातलेला एक पुणेकर पुढे सरसावला. त्याला पलीकडे जायचंच नव्हतं, त्याची स्पीडबोट यायला वेळ होता. पण जॅकेट भगवं, त्यामुळे सगळ्यांनी त्यालाच साहेब समजून वाट दिली. बायको "वजन नको" म्हणून आधीच उतरते आणि आपला नि या गाडीचा काही संबंध नाही अशा बेतानं डोंगर बघत उभी राहते.

मागच्या आरशात बघावं, तर फळीच्या तोंडाशी एक जोडपं सेल्फी काढतंय. हॉर्न दिला तर हसून हात करतात.

हे पाऊस सरल्यावरचं. तेव्हा पाणी वर असतं, उतार आखूड. मे महिन्यात पाणी खाली खाली जातं, तसा उतार लांबतो. गेल्या खेपेला जिथे बार्ज लागला होता तिथे आता भेगाळलेला गाळ आणि कुणाची तरी तुटकी चप्पल.

एकदाची गाडी चढली की बार्जवरचा माणूस चाकाला दगड लावतो, हँडब्रेकवर त्याचा विश्वास नाही. मग दुचाक्या, सिमेंटची पोती, एक नाराज बोकड, आणि माझ्या दाराला खेटून पत्र्याची पेटी. पलीकडे लागेपर्यंत मी गाडीतच कोंडलेला. पेटीवर बसलेल्या मावशींना काठावरून कुणीतरी विचारलं, "पलीकडं बघण्यासारखं काय आहे हो?"

"माझी सून," मावशी म्हणाल्या. "चला, दाखवते."

पलीकडे लागतानाची गंमत वेगळी. तिथले लोक सकाळपासून खोळंबलेले. बार्ज टेकायच्या आत ते चढायला लागतात, आम्ही उतरायला. मधे बोकड. तो कुणालाच वाट देत नाही.

"पावणं, गाडी काढा की!" सगळे माझ्यावर ओरडतात. काढतो की. आधी मावशींना पेटीवरून उठवा. त्या बसल्या बसल्या सुनेला फोन लावतायत, आणि रेंज या काठावर तेवढ्याच जागी येते.