इंटरमिजिएटला ए ग्रेड, पण एलेव्हेशन कळेना

वादाला तोंड फोडलं आप्पांनी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत त्यांचं पॅटर्न शॉप आहे. फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, वाळूचा साचा धरायला जे लाकडाचे, ॲल्युमिनियमचे पॅटर्न लागतात, ते बनवून द्यायचं काम. खरी कॉर्नरच्या अलीकडं चहाच्या गाड्याजवळ आम्ही रोज संध्याकाळी बसतो, तिथं आल्या आल्या ते ड्रॉइंगच्या सरांकडं वळले.

"सर, तुमच्या शाळेतला एक पोरगा लागलाय माझ्याकडं. ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड. हात काय हाय हो त्याचा! पण काल एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग दिलं, तर समोरून, वरून, बाजूनं असे तिन्ही व्ह्यू बघून मला विचारतोय, मामा, ह्यातला खरा कुठला?"

सरांना ते लागलं. "असं कसं होईल आप्पा? इंटरमिजिएटला घनभूमिती असते. वरून दिसणारा प्लॅन, समोरून दिसणारं एलेव्हेशन, शंकू, प्रिझम, सगळं शिकवलंय मी."

"तेच म्हणालोय मी. तुम्ही शिकवलंय, त्याला ग्रेड मिळालीय, आणि तरी त्या तीन आकृत्या मिळून एकच वस्तू असती हे त्याला कळंना झालंय. हे कसं झालं तेवढं सांगा."

प्रश्न सरळ होता, आणि माझ्या मते माध्यमिक शाळेतल्या कलाशिक्षणाचा सगळा घोळ त्या एका प्रश्नात आहे. पण कट्ट्यावर प्रश्नाला लगेच उत्तर मिळत नसतं. आधी सरांनी परीक्षेची बाजू लावून धरली, आणि ती ऐकण्यासारखी होती. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या ग्रेड परीक्षा नसत्या, तर खेड्यापाड्यांतल्या शाळांतून ड्रॉइंग कधीच हद्दपार झालं असतं, असं ते म्हणाले. वस्तुचित्रात उजेड कुठून येतो ते बघायला लागतं, स्मरणचित्रात माणसं उभी करायला लागतात, अक्षरलेखनात दोन अक्षरांमधली जागा डोळ्यांनी तोलायला लागते. एवढं बारकाईनं बघायला दुसरा कुठला विषय लावतो?

"आणि दहावीला मार्क मिळतात की," वहिनी म्हणाल्या. मुलीला क्लासला सोडलं की त्या पंधरा मिनिटं आमच्यात येऊन बसतात. "ए ला ७, बी ला ५, सी ला ३. नाही म्हटलं तरी त्याच्यासाठीच पोरं बसतात परीक्षेला. आमची नववीत आहे. मार्क नसते तर मीच तिला म्हटलं असतं, राहू दे ते रंगकाम, गणित कर."

वहिनींचं हे बोलणं मला महत्त्वाचं वाटतं. त्या कलेच्या विरोधात नाहीत. घरात शिकवणीचे पैसे, शाळेचा वेळ आणि पोरीचा जीव ह्यांचा मेळ त्यांना घालायचा असतो. मार्क हा त्या विषयाला मिळालेला आधार आहे. पण त्याच मार्कांनी तो विषय आतून पोखरलाही आहे. सरांनीच पुढं कबूल केलं की स्मरणचित्राला पोरं तीन-चार तयार माणसं पाठ करून जातात. एक पाठमोरा पुरुष, एक डोक्यावर घागर घेतलेली बाई, एक फुगेवाला. बाजार विचारू दे नाहीतर बसस्टॉप, माणसं तीच. पाठमोरी काढली म्हणजे चेहरा टळतो, पिशवी धरलेली काढली म्हणजे बोटं टळतात. संकल्पचित्राचंही तेच. दिलेल्या चौकोनात किंवा वर्तुळात पानंफुलं बसवायची, डावीकडचं उजवीकडं उतरवायचं, पोस्टर कलर सपाट भरायचा. नक्षी सुंदर होते. पण ती कशावर जाणार, साडीच्या काठावर की फरशीवर, छापणार की विणणार, हे त्या पोराला कोणी विचारतच नाही.

"आणि घनभूमिती?" आप्पा सोडायला तयार नव्हते.

"गाइडात सोडवलेल्या आकृत्या असतात," सर हळू आवाजात म्हणाले. "त्याच पाठ करतात."

उत्तर ते होतं. अभ्यासक्रमात वस्तू आहे, आकृती आहे, आकृतीचे नियमही आहेत. फक्त आकृतीवरून वस्तू करून बघायची पायरी कुठंच नाही. पोरगा एलेव्हेशन काढतो, पण ते चुकलं तर काय होतं हे त्याच्या हाताला कधी कळलेलंच नसतं.

आप्पांच्या धंद्यात ते लगेच कळतं. बिडाचं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, थंड होताना आकसतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी पट्टीसुद्धा वेगळी असते, तिचा प्रत्येक सेंटिमीटर साध्या पट्टीपेक्षा किंचित मोठा. शिवाय पॅटर्न वाळूतून वर उचलताना साच्याची कड तुटू नये म्हणून बाजूंना थोडा उतार द्यावा लागतो. ड्रॉइंगमध्ये सरळ दिसणारी भिंत पॅटर्नमध्ये सरळ नसते. "हे पोराला मी दोन दिवसांत शिकवतो," आप्पा म्हणाले. "पण कागदावरची रेघ म्हंजे खरोखरची कड असती, हे मी का शिकवायचं? ते शाळेनं द्याय पाहिजे."

इथं पिंट्या मधे पडला. तो इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि एका शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये, म्हणजे सरकारी अनुदानातून काढलेल्या प्रयोगाच्या खोलीत, पोरांना शिकवायला जातो. त्याचं म्हणणं, हे सगळं थ्री-डी प्रिंटरनं सुटतं. सरकार एका लॅबला वीस लाखांपर्यंत अनुदान देतं, दहा लाख उभारणीला आणि बाकीचे पाच वर्षं चालवायला. पोरगं स्क्रीनवर वस्तू फिरवून बघतं, एक माप बदललं की सगळं मॉडेल बदलतं, तासाभरात हातात येतं.

"किती पोरांच्या हातात येतं?" आण्णांनी विचारलं. ते मुख्याध्यापक होते, आता निवृत्त.

पिंट्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की प्रिंटर एक आहे, पोरं भरपूर, आणि पावसाळ्यात फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला लागणारी प्लॅस्टिकची तार, ओल धरतं, ठिसूळ होतं, मग प्रिंट बिघडतं. तरीपण तो म्हणतो त्यात तथ्य आहे. माप बदलून परिणाम बघायची सोय पूर्वी कुठल्या पिढीला नव्हती. माझा आक्षेप क्रमाला आहे. हातानं एकदाही न कापता स्क्रीनवर काढलेल्या वस्तूला जाडी नसते, वजन नसतं, सांधा नसतो.

पुठ्ठ्याचा साधा डबा घ्या. बाहेरून १०० मिलिमीटर लांब, ६० रुंद. पुठ्ठा २ मिलिमीटर जाड. चारही बाजू मापानं कापून पोरगं चिकटवायला बसतं, आणि डबा जुळत नाही. का? तर लांब बाजू १०० च्या कापल्या, तर आडव्या बाजू त्यांच्या आत बसतात, म्हणून त्या ६० च्या नव्हे, ५६ च्या लागतात. मग झाकण. ते वरून बसायचं तर आतून १०० बाय ६० पेक्षा थोडं मोठं हवं, नाहीतर अडकतं, आणि फार मोठं झालं तर निसटतं. किती मोठं, ते कुठल्याच गाइडात नाही. दोनतीन झाकणं कापून ठरवावं लागतं. हा एक डबा केलेलं पोरगं प्लॅन-एलेव्हेशन आयुष्यात विसरणार नाही. आणि डब्यावर नक्षी काढायला सांगितली की त्याला आपोआप प्रश्न पडतो, कोपऱ्यावरून नक्षी कशी वळवायची. मला डिझाइन म्हणतात ते हेच वाटतं.

आण्णा म्हणाले, हे नवीन नाही. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी परिषद घेतली, झाकीर हुसेन समितीनं हस्तोद्योगाभोवती सगळं शिक्षण रचून दाखवलं. कोठारी आयोगानं कार्यानुभव, म्हणजे हातानं काम करून शिकायचा विषय, सुचवला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीनं त्याला समाजोपयोगी उत्पादक कामाची जोड दिली. प्रत्येक वेळी विचार चांगला होता. पुण्याजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, आणि तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम साध्या शाळांत आला. आठवी ते दहावीची पोरं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक असली खरी कामं करतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानंही मराठी शाळांतल्या पोरांकडून पिशवी, पवनचक्कीचं मॉडेल, बाहुल्यांचा खेळ करून घेतला. आधी आराखडा कागदावर, मग साहित्य, मग वस्तू, मग आराखड्याशी ताडून बघणं.

"मग आडलं कुठं?" वहिनींनी विचारलं.

"माणसात आणि वेळात," आण्णा म्हणाले. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला आणि कार्यशिक्षणाला निदेशक, म्हणजे त्या विषयाचे शिकवणारे, आहेत, पण अर्धवेळ. नववी-दहावी त्या कायद्यात येतच नाही. आणि तास पस्तीस मिनिटांचा. रंग काढायचे, पाणी आणायचं, परत ठेवायचं, ह्यात निम्मा गेला. साठ पोरांच्या हातात एका मास्तरानं कटर कसा द्यायचा?

ह्यावर सर पहिल्यांदा चिडले. "कटरचं सोडा आण्णा. माझा ड्रॉइंगचा तास गणिताला देऊन टाकतात, मला न विचारता. आणि कार्यानुभव मला दिलाय, वेळापत्रकात वेगळा, वेगळ्या दिवशी. दोन्ही मीच घेतो, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही!"

मला वाटतं खरी सुरुवात इथंच करता येते, आणि तिला शासन निर्णय लागत नाही. ड्रॉइंगचा आणि कार्यानुभवाचा तास मुख्याध्यापकांनी जोडून लावावा. सत्तर मिनिटं सलग मिळतील. विषय एकच: काढा, करा, चुकलं तिथं परत काढा. ग्रेड परीक्षेची तयारी त्यातच होते, कारण घनभूमिती आणि संकल्पचित्र दोन्ही त्याच वस्तूवर येतं. आणि गुण द्यायचेच झाले, तर शेवटच्या सुबक डब्याला देऊ नयेत, फसलेल्या झाकणांच्या वहीला द्यावेत. नाहीतर डबे घरी आईबाप करतील. कार्यानुभवाच्या कागदी फुलांचं तेच झालं.

वहिनींना वहीचं पटलं नाही. "फसलेल्याला मार्क म्हणजे पोरं मुद्दाम फसवतील की."

"फसवू देत," आप्पा म्हणाले. "का फसलं ते लिहाय लावा. तेवढं लिहिता आलं तर मी उद्या कामाला घेतो."

पिंट्या म्हणाला, ह्याच कोल्हापुरात नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः जुळवला, इथंच खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे, आणि आपण चित्र आणि यंत्र अजून दोन कपाटांत ठेवलंय. आण्णांनी मान डोलावली, पण बाबूराव एखादाच निपजतो, शाळा सगळ्यांसाठी असते, असंही बजावलं. ते बरोबर आहे. मला बाबूराव नकोतच. मला तीन व्ह्यू बघून ब्रॅकेट ओळखणारा साधा पोरगा आणि साधी पोरगी हवी आहे.

शेवटी ठरलं ते एवढंच. आठवीच्या एका तुकडीवर सर हा प्रयोग करणार, कारण नववीचे पालक तास देणार नाहीत. पुठ्ठा आणि प्लायचे तुकडे आप्पा देणार, आणि पॅटर्न शॉपमधला एक जुना मिस्त्री शनिवारी शाळेत येऊन बसणार. जोड तासासाठी मुख्याध्यापकांकडं आण्णा जाणार. पहिली वस्तू कुठली, ह्यावर मात्र एकमत झालं नाही. सरांना वर्गातल्या डब्यांसाठी मांडणी हवी आहे, आप्पा म्हणतात मांडणी फार मोठी, आधी पेन्सिलींचा डबाच होऊ दे, झाकणासकट.

"झाकण दुसऱ्या टप्प्याला ठेवा," सर म्हणाले.

"झाकणाशिवाय काय शिकणार ते?" आप्पांचा आवाज परत चढला, आणि वहिनींची क्लास सुटायची वेळ झाली.